वाढत्या अंगाचे कपडे

ट्रक दुकानासमोर थांबला तेव्हा मास्तरांना वाटलं, नवीन कापड आलं. चष्मा कपाळावर चढवून ते पायरीपर्यंत आले आणि तिथेच थबकले. ट्रकमध्ये तागे नव्हते. त्यांनीच शिवून, इस्त्री करून, सुतळीने गठ्ठे बांधून छावणीत पाठवलेल्या पँटी जशाच्या तशा परत आल्या होत्या, आणि त्या ढिगावर लांबच लांब पाय खाली सोडून त्यांचा मुलगा बसला होता.

"तू कसा काय?" मास्तरांनी विचारलं.

"सुट्टी मिळाली. उद्या संध्याकाळपर्यंत," मुलगा म्हणाला आणि गठ्ठ्यावर हात मारला. "यांनापण मिळालीये."

हा प्रसंग आमच्या घरात चौघांनी चार तऱ्हांनी सांगितला आहे. माझा जन्म तेव्हा व्हायचा होता, पण ऐकून ऐकून तो मला इतका पाठ झालाय की मी तिथे नव्हते असं कोणी म्हटलं तर मला रागच येतो. आजीची सुरुवात मुलगा किती वाळला होता इथून व्हायची. आईची सुरुवात त्याच्याबरोबर उतरलेल्या साहेबाच्या चेहऱ्यापासून. मास्तरांची बहीण, जिला अख्खी गल्ली आत्या म्हणायची, ती आधी सगळ्यांच्या चुका काढायची आणि मग सांगायला बसायची. आणि मास्तर, म्हणजे माझे आजोबा, ते सुरुवातच करायचे नाहीत. "नमुना खिळ्याला टांगला होता, बाकी मला काही विचारू नका," एवढंच म्हणायचे.

मुलगा म्हणजे माझा मामा. त्याला सगळे दोरा म्हणत. ताडासारखा उंच, अंगावर मूठभर मांस नाही आणि घर शिंप्याचं, मग दुसरं काय नाव पडणार?

तर साहेब पुढच्या सीटवरून उतरला. प्रशिक्षणाच्या छावणीतलं कोठार त्याच्याकडे होतं. जाडजूड, मवाळ माणूस. कोणाला बोलायची वेळ आली की त्यालाच घाम फुटायचा.

"मास्तर, शिलाई एक नंबर आहे," तो म्हणाला. "तक्रार शिलाईची नाहीये."

"मग कशाची?"

साहेबाने वरची पँट काढली, उलटी केली आणि मांडीकडची शिवण दोन्ही हातांनी फाकवून दाखवली. "हे काय आहे?"

"दाब," मास्तर म्हणाले.

"एवढा?"

"दोन बोटं. आमच्याकडे दोन बोटंच असतो."

आणि तो खरोखरच असायचा. शहरातल्या निम्म्या शाळांचे गणवेश आमच्या दुकानात शिवले जायचे. मुलं वाढतात, आईबाप दरवर्षी नवे कपडे शिवू शकत नाहीत, म्हणून मास्तर प्रत्येक शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडायचे आणि पायाला खाली चांगली रुंद दुमड घालायचे. पोर वाढलं की उसवायचं, बाहेर घ्यायचं, पुन्हा टीप मारायची. जुनी दुमड जिथे होती तिथे पँटवर एक गडद रेघ राहायची. दोऱ्याच्या लहानपणीच्या पँटींवर अशा रेघांवर रेघा असायच्या, आणि आजी त्या मोजून शेजारणींना तो कधी किती वाढला ते सांगायची. तो भसाभसा वाढायचा आणि तिला त्याचा केवढा तोरा होता.

युद्ध सुरू झालं, छावणीचं काम आलं. तिकडून कागदावर कापलेला नमुना आला. मास्तरांनी तो आदराने खिळ्याला टांगला, त्यावरून मापं घेतली, आणि मग हात आपल्या सवयीने चालू लागले. लढाईवर जाणाऱ्या माणसांच्या पँटी त्यांनी वाढत्या अंगाच्या शिवल्या.

"परवा पहिल्या गठ्ठ्यांतल्या पँटी घालून नवीन पोरं पहिल्यांदा लांबच्या कूचला गेली," साहेब सांगत होता. "ऊन, धूळ, घाम, आणि मांडीच्या आत ही जाड शिवण. संध्याकाळी सगळी फेंगडी चालत परत आली. डॉक्टर मलम लावून थकला."

मास्तरांनी दोऱ्याकडे पाहिलं. दोरा ट्रकमधून उतरत होता, आणि उतरताना त्याने पाय जरा फाकवूनच टाकला. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"विशीतली पोरं आहेत," ते चाचरत म्हणाले. "या वयातपण वाढतात. वीतभर नसतील वाढत, पण वाढतात."

"मास्तर," साहेब समजावत म्हणाला, "सैन्यात कोणी वाढत नाही."

बिचाऱ्याच्या मनात मरणाबिरणाचं काही नव्हतं. पण आजी चहा घेऊन आतल्या दारापर्यंत आली होती, आणि ते वाक्य तिने तिथे ऐकलं. तिने चहा दिला, साखर विचारली, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

साहेबाने उद्याची मुदत दिली. सगळ्या शिवणी उसवायच्या, दाब कापायचा, पुन्हा शिवायचं. जाता जाता तो पायरीवर थांबला. "अजून एक. छावणीत दुरुस्तीखाना काढलाय. मशीनं आलीत, बसायला माणूस नाही. तुमचा मुलगा मशीन चालवतो ना? तुकड्या या आठवड्यात पुढे जातील, छावणी इथेच राहील. त्याला तिथे घेता येईल मला. उद्या ट्रक येईल तेव्हा काय ते सांगा."

ट्रक गेला आणि आजीने मुलाच्या पाठीवरची पिशवी काढून घेतली. "सांगायचंय काय त्यात," ती म्हणाली. "राहील तो."

"आई, आधी पाणी तर देशील," दोरा म्हणाला.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानामागच्या अंगणात गठ्ठे सोडले. घरची चार माणसं दिवसभरात एवढं उसवणार म्हणजे नाकी नऊच यायचे, तेव्हा आत्या शेजारच्या शाळेतून माणसं घेऊन आली. सीमेकडची गावं रिकामी झाली होती आणि तिथली कुटुंबं शाळेच्या वर्गांमध्ये राहत होती. त्यांचं खाणंपिणं, पांघरुणं, औषधं, भांडणं, सगळं आत्या बघायची. गल्लीतल्या बायकांना जखमेवर पट्टी कशी बांधायची, मोडलेल्या हाताला काठी कशी लावायची हेही तीच शिकवायची. तिला कोणी नेमलं नव्हतं. तिने स्वतःला नेमलं होतं.

"कापलेला दाब फेकायचा नाही," अंगणात पाय टाकल्या टाकल्या तिने फर्मान काढलं. "सगळ्या पट्ट्या मला. जाड कापड आहे, काठ्या बांधायला याच्यासारखं काही नाही."

"घे बाई," मास्तर म्हणाले. "माझी चूक तुझ्या तरी उपयोगी पडू दे."

बायका चटया टाकून बसल्या. ब्लेडने टाका कापायचा, शिवण ओढायची, की कापड चर्र करून सुटायचं. असं काम हाताला लागलं की तोंडं आपोआप सुटतात. शाळेतल्या एका बाईने सांगितलं की घर सोडताना घाईत तिने पिठाचा डबा समजून बटणांचा डबा उचलून आणला. सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि मग म्हणाली, "पण आता कुठल्याही कपड्याला बटण कमी नाही आमच्याकडे."

दोरा मशीनवर बसला होता. बाप कापत होता, मुलगा शिवत होता. मास्तरांना त्या मशीनच्या आवाजाने बरं वाटत होतं. हा पोरगा लहान असताना कापणीच्या टेबलावर उभा राहायचा, ते खडूने खूण करायचे आणि तो विचारायचा, मी छताला कधी लागणार? ते मनात म्हणाले, इथेच बसला असता तर काय बिघडलं असतं? छावणीत तर छावणीत. मशीन ते मशीन.

"हात विसरला नाहीस," ते म्हणाले.

"हात कसा विसरेल."

"मग बस की दुरुस्तीखान्यात. तेही सैन्याचंच काम."

दोऱ्याने टीप संपवली, धागा दाताने तोडला आणि पुढची पँट सुईखाली सरकवली. ते बघून आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, मध्ये पडली. "बाबा बरोबर सांगतायत. कोणाला काय सिद्ध करून दाखवायचंय तुला? शूर आहेस, माहितीये आम्हाला. लहानपणी झुरळाला घाबरायचास ते आम्ही कोणाला सांगणार नाही."

"आत्ता सांगितलंस की," दोरा म्हणाला. चटईवरच्या बायका खुदखुदल्या.

मग आजीने हुकमाचा पत्ता काढला. "वन्सं, तुम्हीच सांगा त्याला."

सगळ्यांना वाटलं, आत्या पोराच्या बाजूने उभी राहील. आयुष्यभर तिने त्याचे लाड केले होते आणि आजीशी वाद घालायची एकही संधी सोडली नव्हती. पण आत्या पट्ट्यांची गुंडाळी करत म्हणाली, "राहा बाळा. मी रोज शाळेत काय काय बघते ते मी घरी सांगत नाही. राहा."

दोरा एकटा पडला. आई पुढे सांगायची की तेव्हा त्याचा चेहरा बघवला नाही, आणि तरी तिला आनंदच झाला होता. जिंकलो असं वाटलं होतं.

त्याने मशीन थांबवलं. "मला तिकडे बंदूक नाही दिलीये," तो म्हणाला. "मी स्ट्रेचर उचलतो. जखमींना मागे आणायचं. आणि स्ट्रेचरला दोन टोकं असतात, आई. आमच्या जोड्या उंचीवरून लावल्यात. माझ्याएवढा उंच अख्ख्या तुकडीत एकच आहे. मी इथे बटणं लावत बसलो तर तो कोणाबरोबर उचलणार?"

"देतील साहेब त्याला कोणीतरी," आजी म्हणाली.

"देतील. बुटका देतील."

"मग बुटक्याने काय बिघडतं? काटक असतात बुटके. तुझ्या बापाकडे बघ."

हे दुसरं टोक म्हणजे पुढे माझे वडील झाले. पण त्या दिवशी आईला त्या माणसाशी काही घेणंदेणं नव्हतं. उलट, कोण हा लांबट्या आणि याच्यापायी माझ्या भावाने का जायचं, असं तिला वाटत होतं. लग्नानंतरही भांडण झालं की ती हे बोलून दाखवायची.

---

दुपारी चहा झाला. आत्याला तिच्या बायकांकडून स्ट्रेचरचा सराव करून घ्यायचा होता. शाळेच्या मैदानावर पडद्याच्या दोन दांड्या आणि जाड कापड जोडून केलेलं एक स्ट्रेचर होतं, ते अंगणात आणलं. एरवी जखमी व्हायचं काम आईकडे असायचं. पण तिच्या मांडीवर पँटींचा डोंगर होता.

"वहिनी, तुम्ही झोपा," आत्या म्हणाली. "नाहीतरी सकाळपासून पाठ दुखते म्हणताय."

"मी काय मेलेय का?"

"जखमी. मेलेल्याला काठ्या बांधत नाही आम्ही."

आजी कुरकुरत आडवी झाली. आत्याने तिच्या पायाला दोन काठ्या लावून, नुकत्याच कापलेल्या दाबाच्या पट्ट्यांनी त्या गच्च बांधल्या. बायका वाकून बघत होत्या. "आता उचला," आत्या म्हणाली. डोक्याकडचं टोक दोऱ्याने धरलं, सवयीने. पायाकडचं कोण धरणार म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या, तेव्हा मास्तर कात्री ठेवून पुढे आले. "बायकोचं ओझं मीच उचलतो," ते म्हणाले, आणि अंगणात हशा पिकला.

दोघांनी उचललं. मास्तर मुलाच्या खांद्याला कसेबसे लागायचे. आजी सरकायला लागली. आधी थोडी, मग भर्रकन. तिचा बांधलेला पाय मास्तरांच्या पोटात जाऊन टेकला, आणि सगळं अंग त्या एका पायावर येऊन लोंबकळलं.

"अहो, वर करा ना," ती ओरडली.

"केलंय वर. याच्यावर माझे हात संपले," मास्तर म्हणाले.

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजीही हसत होती. पण ती सांगायची की हसता हसताच तिच्या लक्षात आलं, पाय खरंच दुखतोय. धडधाकट पाय, आणि तरी दुखतोय.

शाळेत राहणारा एक माणूस कुंपणाशी उभा राहून गंमत बघत होता. रेल्वेत सिग्नल बघायचा तो. चांगला उंच. दोऱ्याने त्याला खुणेने बोलावलं, आणि मास्तरांच्या हातातलं टोक त्याने घेतलं. स्ट्रेचर सपाट झालं. आजी पाठीवर नीट पसरली, आणि ते दोघं तिला घेऊन अंगणभर फिरले. उंबऱ्याची पायरी चढले, उतरले, गठ्ठ्यांना वळसा घातला. तिच्या पोटावर कोणीतरी ठेवलेला चहाचा कप हललासुद्धा नाही.

वर बघितलं की तिला आभाळ दिसायचं आणि मुलाची हनुवटी.

"खरा जखमी असला आणि असा उतार झाला तर काय होतं?" तिने खालून विचारलं.

"सगळं वजन मोडलेल्या पायावर येतं," दोरा म्हणाला. "ओरडतात."

"सरावात ओरडतात?"

"सरावात एक पोरगा खरंच पडला होता. हाड मोडलं. त्या दिवशी दुसऱ्या टोकाला बुटका होता."

आजीने पोटावरचा कप हाताने धरला. मग म्हणाली, "तू कायम डोक्याकडेच असतोस?"

"हो."

"म्हणजे तो तुलाच बघत येतो."

"हो. बोलत राहायचं असतं त्याच्याशी."

"काय बोलतोस?"

"काहीही. तुझ्याबद्दल सांगितलं त्या दिवशी. तू माझ्या पँटीवरच्या रेघा मोजायचीस ते."

आता अंगणात कोणी हसत नव्हतं. आत्याने तोंड फिरवून उगीच एक गुंडाळी सोडली आणि पुन्हा गुंडाळली. आजी म्हणाली, "ठेवा मला खाली." ती उठली, पायाच्या पट्ट्या स्वतःच सोडल्या, कप स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि परत आली ती थेट दोऱ्यासमोर.

"अंगावरची पँट काढ," ती म्हणाली. "सगळ्यांच्या मांड्या वाचवायला निघालायस, स्वतःची तशीच घालून बसलायस. ती लुंगी गुंडाळ आणि पँट दे इकडे."

आत्याला कळलं. आईलाही कळलं, आणि तिने शेवटचं एकदा म्हणून बघितलं, "आई, अगं पण..."

"तू गप्प बस," आजी म्हणाली. "झोप तू तिथे एकदा, बाबांना धरायला लाव, आणि मग बोल."

ती पँट मास्तरांच्या हातात गेली नाही. आजीने स्वतः उसवली. एकेक टाका. आतला दाब बाहेर काढून तिने सपाट केला, आणि कात्री उचलली. वीस वर्षं तिने या मुलाच्या कपड्यातून एक बोटभर कापड कमी होऊ दिलं नव्हतं. काय न जाणो, लागेल, म्हणायची. त्या दिवशी ती कापत गेली आणि तिला रडू येत होतं, आणि ते ती लपवत नव्हती. मास्तर शेजारी बसून तिला कापड ताणून धरत होते. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

दोन्ही मांड्यांचा दाब निघाला. कमरेचा निघाला. मग तिने पाय उलटा केला आणि खालच्या दुमडीला ब्लेड लावलं.

"ती राहू दे," दोरा म्हणाला. तो लुंगी गुंडाळून भिंतीशी उभा होता.

"का? टोचत असेल तर काढते."

"नाही टोचत. ती राहू दे."

"सैन्यात कोणी वाढत नाही म्हणे," आजी म्हणाली.

"नसेल वाढत," दोरा म्हणाला. "तू ठेव."

तिने ब्लेड खाली ठेवलं.

---

संध्याकाळी ट्रक आला तेव्हा गठ्ठे तयार होते. साहेबाने दोन-चार पँटी उलटून पाहिल्या, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग त्याने दोऱ्याकडे पाहिलं. "काय ठरलं?"

"हा तुकडीबरोबर जाईल," आजी म्हणाली. बाकी कोणाला बोलायची संधीच तिने दिली नाही.

साहेबाचा चेहरा पडला. "मग माझी मशीनं?"

"मी येतो," मास्तर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी गळ्यातली टेप काढून नीट गुंडाळली आणि खिशात घातली. "चूक माझी होती. ज्यांच्या अंगावर अजून ती असेल त्यांची तिथे बसून दुरुस्त करतो. दुकान या दोघी बघतील. माझ्यापेक्षा चांगलं बघतात, हे सगळ्यांना माहितीये, तोंडावर बोलत नाहीत एवढंच."

आजीने त्यांना अडवलं नाही. आत जाऊन चष्म्याची डबी आणि स्वेटर आणला. "कोण किती वाढेल ते बघू नका," ती म्हणाली, "आणि दोन बोटं सोडू नका."

दोघं ट्रकच्या मागे चढले, गठ्ठ्यांवर बसले. बापाचे पाय फळीच्या वर आणि मुलाचे खाली लोंबत. गल्लीच्या टोकापर्यंत ते तसेच दिसत राहिले. आत्या पट्ट्यांची टोपली घेऊन शाळेकडे वळली आणि आजी अंगणात जाऊन दोऱ्यांचे तुकडे झाडू लागली, कारण अंगण भरून ते पडले होते.

युद्ध संपायला तिला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. मास्तर छावणीतच होते आणि अधूनमधून येत. दोरा पुढे होता आणि येत नव्हता. आजी शाळेचे गणवेश शिवत राहिली, दोन बोटं दाब सोडून. त्या दिवसांबद्दल ती कधी फार बोलली नाही. रोज सकाळी दुकान उघडताना ती रस्त्याकडे न बघता कुलूप काढायची, एवढं आईने सांगितलं.

आणि मग एका सकाळी तिने कुलूप काढलं, मागे वळली, आणि रस्त्यात तो उभा होता. शेजारी त्याच्याच उंचीचा आणखी एक. आजी त्याच्याकडे धावली नाही. ती त्याच्या पायांकडे बघत राहिली. पँट तीच होती. किती पाण्यांत धुतली गेली होती कोण जाणे, रंग उडून राखेसारखी झाली होती, आणि आटून आटून घोट्याच्या वर गेली होती. खाली त्याचे हडकुळे पाय उघडे दिसत होते.

"आत ये," ती म्हणाली.

तिने त्याला कापणीच्या टेबलावर उभं केलं, लहानपणी करायची तसं. त्याचं डोकं छताला लागलं. वाकून तिने दुमडीचे टाके काढले, एका पायाचे, मग दुसऱ्या, आणि कापड खाली सोडलं. घोट्यापर्यंत आलं. आत एवढी वर्षं दुमडून राहिलेला तो पट्टा कोरा करकरीत होता, हिरवागार, ताग्यावरून कापला त्या दिवशी होता तसा.

आजीने त्यावरून हात फिरवला आणि वर पाहिलं.

"म्हटलं होतं ना," ती म्हणाली, "लागेल."